आईच्या बोटांसाठी कुंड्यांची शेगडी

जानेवारीत आरेच्या बाजूला पहाटे चांगलंच गार होतं आणि आईची बोटं आखडतात. तिच्यासाठी धारावीच्या कुंभारवाड्यातून दोन कुंड्या आणल्या: एक सहा इंची, एक आठ इंची, रंग न दिलेल्या, तळाला भोक असलेल्या.

आधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा. माझी पहिली कुंडी ओलसर होती, टचकन तडकली.

फरशीवर स्टीलचं ताट, त्यात दोन विटा, मध्ये चार बोटांची फट. फटीत तीन टी-लाइट, म्हणजे पत्र्याच्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्या, एकमेकांपासून लांब. खेटून ठेवल्या तर मेण तापून सगळंच भडकतं, आणि अशा आगीवर पाणी अजिबात ओतायचं नाही, मोठ्या पातेल्याने झाकायचं. लहान कुंडी विटांवर उपडी घाला, तिच्या भोकावर नाणं. वरून मोठी कुंडी, तिचं भोक उघडंच.

कुंडीमुळे मेणबत्तीची ऊब वाढत नाही, माती ती धरून ठेवते एवढंच. खोली तापणार नाही. पण वीतभर अंतरावर हात धरले की आईची बोटं अर्ध्या तासात मोकळी होतात, मग ती गवार निवडायला बसते.

खिडकी किलकिली हवीच. पेटती ठेवून झोपू नका.