बेसिनचा काउंटर: दगड शेवटी घ्या, आणि या चुका टाळा

बाथरूमचं काम निघालं की बहुतेक जण आधी मार्बलवाल्याच्या गोदामात जाऊन उभे राहतात. स्लॅब आवडतो, ॲडव्हान्स दिला जातो आणि बेसिनचा विचार नंतर होतो. काउंटरची निम्मी दुखणी इथेच सुरू होतात. आधी बेसिन ठरवा, मग नळ, आणि दगड सगळ्यांत शेवटी. बेसिन आणि नळ तर टाइल लागायच्या आधीच ठरलेले बरे. नळ भिंतीतून यायचा असेल तर त्याचा पॉइंट कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेले पाइप टाकतानाच ठरतो. नंतर टाइल फोडण्यावाचून इलाज नसतो.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती उंचीत. बेसिनची वरची कड तयार फरशीपासून ३२ ते ३४ इंचांवर असली की मोठ्या माणसांना सोयीची पडते. टेबल टॉप, म्हणजे दगडाच्या वर ठेवायचं बेसिन स्वतःच ५ इंच उंच असेल, तर दगड २८-२९ इंचांवरच हवा. मिस्त्रीचा हात मात्र सवयीने ३२ वर जातो. मग बेसिन ३७ इंचांवर जातं, आणि तोंड धुताना पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं. घरात लहान मूल किंवा आजी असेल तर विचारूच नका. माप तयार फरशीपासून घ्यायचं. फरशी अजून बसायची असेल तर मसाला आणि टाइलचे दीड-दोन इंच आधीच धरा.

टेबल टॉप बेसिनला साधा पिलर कॉक, म्हणजे काउंटरवर उभा बसणारा बुटका नळ, चालत नाही, उंच म्हणजे टॉल बॉडीचा लागतो. धार कडेवर पडत असेल तर काउंटर कायम ओला राहणार, म्हणून दुकानातच नळ बेसिनशेजारी ठेवून तोटी किती पुढे येते ते बघा.

आता दगड. पांढरा मार्बल दिसतो राजेशाही, पण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट. टॉयलेट क्लीनरमधल्या ॲसिडचा एक थेंब पडला की पॉलिश जाऊन तिथे निस्तेज ठिपका उरतो, आणि पुसून तो जात नाही. कडप्पाही चुनखडीचाच, त्यामुळे काळा असला तरी ॲसिडपुढे त्याचीही तीच गत. गोदामातून एक तुकडा घरी आणा, लिंबाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. डाग उमटला तर तो दगड बाथरूमसाठी नाही.

ग्रॅनाइट या परीक्षेत पास होतो. गडद काळा घेताना मात्र कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून घासून बघा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग दिलेला आहे. शिवाय सोसायटीत बोअरवेलचं पाणी असेल तर काळ्यावर क्षारांचा पांढरा थर रोज दिसणार. माझं मत विचाराल तर अशा घरात मध्यम करडा, दाणेदार ग्रॅनाइट घ्यावा. फोटोत साधा दिसतो, पण रोज पुसत बसावं लागत नाही.

कटआउट, म्हणजे बेसिनसाठी दगडात पाडायचं भोक, शक्यतो कारखान्यातच करून घ्या, कंपनीचा टेम्प्लेट म्हणजे मापाचा नमुना किंवा प्रत्यक्ष बेसिन तिथे नेऊन. बाथरूममध्ये बसवलेल्या दगडावर कटर फिरवला की भोकापुढची अरुंद पट्टी तडकते. ही पट्टी अडीच-तीन इंचांपेक्षा कमी नको, आणि भोकाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर हवेत, कारण तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. अंडर काउंटर, म्हणजे दगडाच्या खालून बसणारं बेसिन असेल तर कटआउटची आतली कडही पॉलिश करून मागा. मागितली नाही तर कोणी करत नाही.

अंडर काउंटर बेसिन नुसत्या सिलिकॉनवर लटकवू नका, खालून ब्रॅकेट हवेच. सिलिकॉनही न्यूट्रल सांगून आणा. व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त प्रकार ॲसिडयुक्त असतो, मार्बलला तो खातो. लावल्यावर २४ तास पाणी नको. काउंटरला बेसिनकडे अगदी किंचित ढाळ द्या, आणि पुढच्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारून घ्या. ओघळलेलं पाणी तिथेच थांबून खाली टपकतं, कॅबिनेटच्या प्लायपर्यंत पोचत नाही.

बसवून झाल्यावर खाली पाणी दिसलं तर लगेच सिलिकॉनला दोष देऊ नका. सगळं कोरडं पुसा, कपलिंगभोवती, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या जोडाभोवती टिश्यू गुंडाळा, बेसिन काठोकाठ भरा आणि मग पाणी सोडून द्या. टिश्यू आधी कुठे भिजतो तिथे गळती. पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे कडेजवळच्या जादा पाण्याच्या भोकात शिरतं पण पुढे जात नाही, असं झालं तर कपलिंग चुकलेलं असतं: ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड (अर्ध्याच भागावर आटे असलेलं) लागतं, नसलेल्याला फुल थ्रेड (पूर्ण आट्यांचं). प्लंबरच्या पिशवीत जे असतं तेच बसवलं जातं, म्हणून बेसिनसोबतच विकत घ्या.

सिलिकॉन काळं पडलं तर वरून नवीन थर मारू नका, खालची बुरशी तशीच राहते. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, जागा कोरडी होऊ द्या, मग भरा. ग्रॅनाइटवरचा क्षारांचा थर प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून खरवडा. ॲसिड घेऊ नका, शेजारच्या टाइलच्या सांध्यांची वाट लागते. आणि शेव्हिंग फोमचा डबा ओल्या दगडावर ठेवायची सवय सोडवा, त्याच्या बुडाचा गंजाचा गोल फिकट दगडात मुरला की काढताना नाकी नऊ येतात.