ऊसतोडीच्या घरातलं पोरगं कॉलेजला आलंय? मग असं सांभाळून घ्या

बीड, पाथर्डी साइडचं पोरगं असेल तर आधी त्याची दिवाळी ते गुढीपाडवा कशी जायची ते समजून घ्या, म्हणजे आईबाप ऊस तोडायला साखर कारखान्यावर आणि हे एकतर गावात आजीपाशी नाहीतर तिकडंच कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळत, शाळा अर्धीच. लगेच 'कच्चा' असा शिक्का मारू नका.

पैशाचं जपून बोला. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेतली की नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे एक जोडी धरतात, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सीझनला चढते, हे ज्यानं बघितलंय तो एज्युकेशन लोन म्हटलं की गप्पच होणार ना! कागद घेऊन बसा, व्याज, हप्ता सगळं दाखवा. पण त्याआधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी पोर्टलवर, स्कॉलरशिपचा फॉर्म भरा, ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठीच्या संत भगवान बाबा वसतिगृह योजनेची समाजकल्याण ऑफिसात चौकशी करा.

'एवढ्या गरिबीतून आलास' हे कौतुक नको प्लीज, पोरं वैतागतात. मुलगी असेल तर घरी लग्नाचं चाललंय का ते मैत्रिणीकडून हळूच काढा, तेही हंगामाआधी, एकदा तोडणीची टोळी निघाली की आईबाप बोलायला भेटतात कुठं.