बडोद्यात वृक्षनिगेच्या व्यवसायात येणाऱ्यांसाठी

अंगणातील शोभेच्या झाडांवर उपचार करण्याच्या व्यवसायात येणाऱ्याने फवारणीच्या पंपाआधी खुरपे चालवायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बडोद्यातील यजमान बहुधा 'भाऊ, काहीतरी दवा मारून द्या' एवढेच सांगतात; परंतु पाने पिवळी पडलेल्या गुलमोहराच्या किंवा बकुळीच्या बुंध्याशी बसून माती उकरली, की अनेकदा असे आढळते की खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले आहेत किंवा वर भराव टाकून मुळांचा श्वासच कोंडला आहे. इथली काळी माती पावसात फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते, म्हणून बुंध्याभोवती निदान हातभर जागा मोकळी करणे आणि खोडापासून थोडे दूर, रुंद आळे करून पालापाचोळा पसरणे हाच पुष्कळदा पहिला उपचार ठरतो.

गुलमोहराच्या बुंध्यावर टणक, तपकिरी भूछत्र उगवले असेल, तर मुळे आतून कुजत असल्याची शक्यता धरावी. अशा झाडावर खात्रीचा इलाज नाही. पावसाळ्यात ते कोसळण्याचा धोका यजमानांना लेखी कळवावा, मग काम हातचे गेले तरी चालेल.

छाटणी मात्र मन लावून शिकण्यासारखी आहे. जड फांदी एकाच घावात तोडल्यास ती खाली येताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून काप द्यावा, त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापावा. हे कडे शाबूत राहिले तर झाड जखमेच्या कडेने नवी साल आणून ती झाकत जाते. कापलेल्या जागी लावायच्या बोर्डो पेस्ट या बुरशीनाशक लेपाचा (1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र केलेले) इथे सर्रास वापर होतो, पण चुकीचा काप त्याने सुधारत नाही.

किडीसाठी मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशके बहराच्या आधी किंवा बहरात देऊ नयेत, कारण ती मधमाश्यांपर्यंत पोहोचतात. झाडे ओळखण्याचा सराव करायचा असेल, तर 1879 मध्ये उभारलेल्या सयाजीबागेत निरनिराळ्या ऋतूंत फिरावे.