महापालिकेच्या बजेटमध्ये ज्येष्ठांची कामं कशी घालायची

फूटपाथवर चढता येत नाही, बसस्टॉपवर टेकायला जागा नाही, रस्ता अर्धा ओलांडला की सिग्नल सुटतो, हे ज्येष्ठ मंडळी रोज बोलतात. पण ते बोलणं कट्ट्यावरच राहतं आणि नगरसेवकाला फोन केला तर "बघतो काका" एवढंच ऐकायला मिळतं. खरं तर त्या वेळी त्याच्याकडेही पैसे नसतात, कारण वर्षाचं बजेट आधीच ठरलेलं असतं. म्हणून मागणी करायची ती बजेट बनत असताना, आणि लेखी.

पुण्यात याची रीतसर सोय आहे. २००६ पासून महापालिका पुढच्या वर्षाच्या बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवते. साधारण पावसाळा संपत आला की, गणपतीच्या आसपास, पेपरात आणि पालिकेच्या वेबसाइटवर जाहिरात येते. तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे जुलैपासूनच ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकाने लक्ष ठेवायचं. तुमचं शहर दुसरं असेल तर तिथे अशी योजना आहे का ते विचारा, नसेल तरी हेच पत्र आयुक्तांच्या नावाने देता येतं.

सगळ्यात आधी चाला. चार-पाच जण मिळून सकाळी घर ते भाजी मंडई, दवाखाना, बँक असा रस्ता पायी फिरा, सोबत मेजरिंग टेप आणि फोन ठेवा. गुडघे दुखणारी एखादी काकू आणि काठी घेऊन चालणारे एखादे काका यात हवेतच, कारण कुठे अडतं ते इंजिनिअरपेक्षा त्यांना जास्त कळतं. फूटपाथची उंची मोजा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण सहा इंच, आणि चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर हवी. टेप लावून बघा, कित्येक ठिकाणी फरक लगेच दिसेल. फोटो काढताना टेपवरचा आकडा दिसला पाहिजे.

मग यादी छाटा. वीस मागण्यांचं पत्र फायलीत जाऊन बसतं, दोन-तीन नेमक्या कामांचं पत्र कुणीतरी वाचतं. "परिसरात सुधारणा करावी" असं लिहू नका, "अमुक दुकान ते अमुक चौक, डाव्या बाजूला, फूटपाथला दोन ठिकाणी उतार करावा आणि बसस्टॉपवर बाक बसवावा" असं लिहा. फूटपाथ, दिवे, बाक, स्वच्छतागृह अशी छोटी कामं या अर्जात बसतात. जागा मात्र पालिकेची हवी, सोसायटीच्या आतलं काम चालत नाही. सिग्नलची वेळ वाढवायची असेल तर ते पत्र वेगळं, वाहतूक पोलिसांना. तिथेही हिशोब देऊन लिहा: वेळ ठरवताना साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरतात, म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद, पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना तोच रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका, ही पोच म्हणजे पुढचं सगळं. मग आठवडाभरात कनिष्ठ अभियंत्याला भेटा आणि प्रत्यक्ष जागेवर घेऊन जा, कारण खर्चाचा अंदाज तोच काढणार असतो आणि जागा पाहिली की गोष्ट वेगळीच होते.

बजेट छापून आलं की त्यात तुमचं काम शोधा. नसेल तर गप्प बसू नका. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा की आमच्या अमुक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत ठेवा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्याहून सोपं म्हणजे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली नागरिकांना बघायला द्यायच्या असा आदेश राज्य सरकारने २०१८ मध्ये काढला होता, तुमच्या कार्यालयात ही सोय चालू आहे का ते आधी विचारा. रिटायर्ड माणसाला सोमवारी दुपारी जाता येतं, नोकरी करणाऱ्याला नाही, हा आपला मोठा फायदा आहे, तो वापरा. काम मंजूर असेल तरी मार्चपर्यंत विचारत राहा, कारण वर्ष संपेपर्यंत खर्च झाला नाही तर ते मागे पडू शकतं.

पेन्शन, एसटीची सवलत असे विषय पालिकेच्या हातात नाहीत, ते राज्याकडे जातात, त्यासाठी तुमचा संघ फेस्कॉमला, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाला, जोडलेला असेल तर तिथून मागणी लावा. गावात असाल तर ग्रामसभा गाठा. कोरमला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा पुरतो, आणि तहकूब झालेल्या सभेला कोरमची अट नसते, म्हणून सभा तहकूब झाली तर घरी जाण्याआधी पुढची तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लिहून घ्या आणि त्या दिवशी जास्त माणसं घेऊन जा.