स्लॅबच्या तपासणीतल्या या चुका टाळा

तपासणी करणारा माणूस मालकाचा हवा. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडच्या १७ व्या प्रकरणात हीच अट आहे: विशेष तपासनीस मालक नेमतो, ठेकेदार नाही. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत उलटं चालतं. ठेकेदारच ‘आपला इंजिनिअर’ घेऊन येतो, फी तोच देतो, मग शेरा कोणाच्या सोयीचा येणार? हजार-दोन हजार वाचवायला मालक गप्प बसतो, पण त्याच घराच्या टाइल्स निवडायला तीनदा जिल्ह्याला जातो.

दुसरी चूक त्याहून महाग. “स्लॅब टाकून घेऊ, मंग इंजिनिअरले दाखवू.” मग दाखवणार काय? सळई तर आत गेली.

एका गावी दुमजली घराची गॅलरी होती. चार फूट बाहेर, सव्वाशे मिलिमीटर जाड. क्यूबचे, म्हणजे त्याच मालाच्या नमुना ठोकळ्यांचे, रिपोर्ट सगळे पास. टेकूच्या बल्ल्या काढल्या आणि गॅलरीच्या मुळाशी, भिंतीलगत, वरच्या बाजूने सरळ भेग गेली. फोडून पाहिलं तर वरची सळई स्लॅबच्या मध्याच्याही खाली दबलेली. खाली चेअर (सळई उचलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या) नव्हत्या आणि दिवसभर मजूर घमेली घेऊन तिच्यावरूनच चालले होते. गॅलरीत ताण वरच्या बाजूला येतो. तिथे सळईची परिणामकारक खोली, म्हणजे स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापासून तिचं अंतर, १०० मिमीवरून ५० वर आली की ताकद साधारण निम्मीच उरते. क्यूब काँक्रीट किती मजबूत ते सांगतो, सळई कुठे आहे ते सांगत नाही. गॅलरी पाडावीच लागली.

म्हणून माल कालवायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टेप घेऊन सेंट्रिंगवर चढायचं. गॅलरीत वरच्या सळईखाली मीटरभर अंतरावर चेअर, ये-जा करायला वेगळ्या फळ्या. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला २०, कॉलमला ४०, फुटिंगला ५० मिमी. कव्हर ब्लॉक सिमेंटचेच, गिट्टीचा तुकडा सरकवून ‘झालं’ म्हणणाऱ्याला सरळ खाली उतरवा. कॉलम-बीमच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत, ९० चे नकोत. हे सगळं पाहिल्यावरच मिक्सर बोलवा. मिक्सरचं भाडं चढतंय म्हणून घाई करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

क्यूबचाही खेळ होतो. ठेकेदार वेगळा, सिमेंट जास्त घातलेला माल साच्यांत भरतो. कोणत्या घमेल्यातून माल घ्यायचा ते तपासणाऱ्यानेच ठरवावं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, आणि एका नमुन्यात तीन क्यूब. १५० मिमीचा साचा तीन थरांत, दर थराला १६ मिमीच्या सळईने ३५ ठोके. साच्यातून काढल्यावर क्यूबवर तारीख आणि जागा लिहायची आणि पाण्यात ठेवायचे. उन्हात टाकलेल्या क्यूबचा रिपोर्ट काही कामाचा नाही.

पाणी मोजा. एम२० ग्रेडच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त साडेसत्तावीस लिटर, ओल्या रेतीतलं पाणी त्यातच धरून. दुपारी ‘माल सरकत नाही’ म्हणून पाइप लावतात, तिथेच ताकद जाते.

मे महिन्यात स्लॅब टाकताय? पहाटे सुरू करा. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर चौदा दिवस पाणी, ओली पोती दुपारीही वाळता कामा नयेत. साध्या (ओपीसी) सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालच्या बल्ल्या सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याच्या चौदा दिवसांनी. बीमच्या सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. गॅलरीच्या बल्ल्या मी तरी एकवीस दिवसांआधी काढू देत नाही.

क्यूब नापास झालेच तर ‘आणखी एक महिना थांबू’ हा उपाय नाही. कोअर, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटमधून कापलेले गोल नमुने, काढा, निदान तीन. त्यांची सरासरी त्या वयाला लागणाऱ्या क्यूब ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ च्या खाली नको. हा खर्च कोणाचा, ते करारातच लिहून ठेवा.