लहान मुलांना गडावर कसे न्यावे आणि विशेषतः खाली कसे आणावे

पाणी, टोपी आणि जादा कपडे बरोबर असतात असे गृहीत धरतो. त्यांच्या याद्या सर्वत्र मिळतात. त्याच याद्यांसोबत मिळणारा सल्ला मात्र जवळजवळ सगळा चढणीविषयी असतो आणि तेथेच तो फसतो. चार ते आठ वर्षांचे मूल चढताना क्वचितच अडते. ते अडते उतरताना, जेव्हा पाय थकलेले असतात, ऊन वाढलेले असते आणि मोठ्यांचे लक्ष घरी परतण्याकडे लागलेले असते.

प्रथम जागा निवडावी. पुण्यातील पर्वतीच्या १०३ पायऱ्या मूल स्वतःच्या पायांनी चढून उतरले की तळजाई किंवा वेताळ टेकडीवर जावे. वेताळ टेकडीवरील दगडाच्या जुन्या खाणीच्या काठाजवळ मुलांना मोकळे सोडू नये. त्यानंतर लोहगड. लोहगडवाडीपर्यंत वाहन जाते, पुढे पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येत असल्याने मुलांना पुढचा टप्पा आपोआप मिळतो. पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगड हा सर्वांत शेवटी घ्यावा, कारण तेथील चढण सुमारे सहाशे मीटर उंचीची आहे आणि वाटेवर सुटा मुरूम आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर लहान मुलांना नेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

निघण्याच्या आदल्या दिवशी पायांची नखे कापावीत. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते आणि वाढलेले नख बुटाच्या टोकावर आपटत राहते.

उजाडताच चालायला लागावे. चढताना मुलाला पुढे ठेवावे, त्याच्या चालीने चालावे आणि ‘हे काय, आलंच आता’ असे खोटे सांगू नये. दुसऱ्यांदा ते मूल विश्वास ठेवत नाही.

आता उतार. मला स्वतःला हे नीट जमायला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला प्रश्न परत कधी फिरायचे हा आहे, आणि त्याचे उत्तर माथा गाठल्यावर असे नसून मूल अजून उड्या मारत असताना असे आहे. उतरताना मांडीच्या स्नायूंना प्रत्येक पावलागणिक शरीर आवरून धरावे लागते. त्यामुळे वर दम लागलेला नसला तरी खाली गुडघे लटपटू लागतात. गडावर पिठलं-भाकरी पोटभर खाऊ घालून, दुपारच्या झोपेच्या वेळी मुलाला उतरवायला काढणे हा मला अत्यंत वाईट बेत वाटतो. वर थोडेच खाऊ द्यावे आणि चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे अर्ध्या उतारासाठी राखून ठेवावेत.

दुसरा प्रश्न हात धरण्याचा. बहुतेक पालक वरच्या बाजूला उभे राहून मुलाचे मनगट घट्ट पकडतात आणि मूल घसरले की हात वर खेचतात. असे कधीही करू नये. पाच वर्षांखालील मुलाचा हात झटक्याने ओढला गेल्यास कोपराचे हाड जागेवरून सरकू शकते. शिवाय वर ओढलेल्या हातामुळे मुलाचा तोल मागे जातो, टाच निसटते आणि ते आणखी घसरते. मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूस, एक पाऊल पुढे, अंग थोडे आडवे करून उभे राहावे आणि आपला हात मुलाच्या कमरेच्या उंचीवर कठड्यासारखा धरावा. पकड मुलाची असावी, आपली नव्हे. दुसरे मोठे माणूस असेल तर त्याने मुलाच्या मागे, पण थोडे बाजूला चालावे, म्हणजे त्याच्या पायाखालून निसटलेला दगड मुलावर येत नाही.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, मुलाला तीनच गोष्टी सांगाव्यात: गुडघे किंचित वाकवायचे, पाऊल छोटे आणि पूर्ण टेकवायचे, आणि पळायचे नाही. ‘मुले पळतच उतरतात, काही होत नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता आपल्या मुलाला थांबवावे. अवघड दगडावरून बसून उतरण्यास हरकत नाही, मात्र उभी वाट सगळीच बसून घसरत उतरू देऊ नये, कारण मग पावलांवर वजन घ्यायला मूल शिकतच नाही. खांद्यावर तर मुळीच घेऊ नये: आपला तोल वर सरकतो आणि पडलो तर दोघेही पडतो. उचलणे भागच असेल तर पाठीवर घ्यावे.

सिंहगडावर एक सोय आहे: पायी चढून जीपने उतरता येते. हा पळपुटेपणा नव्हे. पहिल्या खेपेला मी हेच सुचवेन. मात्र गाडीरस्ता आतकरवाडीत उतरत नाही, तेव्हा आपले वाहन कोठे लावले आहे याचा विचार सकाळीच करावा.

खाली पोहोचताच, गाडीत बसण्यापूर्वी, बूट-मोजे काढून बोटे आणि टाचा पाहाव्यात. फोड आला असल्यास तो फोडू नये. स्वच्छ पट्टी लावून घरापर्यंत चपला घालाव्यात.