गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी : शिबिराचा पैसा कारणी कसा लावायचा

तालुक्यात तपासणीची मोहीम आखताना बहुतेक जण एकच आकडा धरतात, तो म्हणजे एका बाईच्या तपासणीचा खर्च. हा आकडा फसवा आहे. दोष (कर्करोगाआधी पेशींत होणारा बदल) सापडून उपचारही झाले अशा एका बाईमागे किती खर्च आला, ते काढा.

समजा १००० महिलांची व्हीआयए केली (मुखावर ॲसेटिक ॲसिड लावून पांढरे डाग उमटतात का ते डोळ्यांनी बघायचं), दर तपासणीला १५० रुपये लागले, म्हणजे दीड लाख खर्च झाला. त्यात १४० पॉझिटिव्ह आल्या. सगळ्यांना चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवलं आणि ४० जणीच पोचल्या, तर उपचार झालेल्या एकीमागे ३७५० रुपये पडले. त्याऐवजी ११० जणींवर त्याच टेबलावर प्रत्येकी ३०० रुपयांत उपचार केले आणि फक्त ३० जणींना पुढे पाठवलं, तर एकूण खर्च वाढून १,८३,००० होतो, पण एकीमागे १६६४ रुपयेच पडतात. (रुपये उदाहरणापुरते, तुमच्या भावाने हिशेब करा.)

कोणती चाचणी घ्यायची हे फेऱ्या किती होणार यावर ठरवा. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले. एकाच फेरीत एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी) केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले. व्हीआयए आणि पॅपच्या (मुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची चाचणी) गटांत तशी ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र दहावी शिकलेल्या कार्यकर्तींनी चार आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणून निधी एकदाच मिळणार असेल तर एचपीव्ही घ्या. तीच एएनएम (आरोग्यसेविका), तेच उपकेंद्र वर्षानुवर्षं हाताशी असेल तर व्हीआयए परवडते. पॅपला सायटोलॉजिस्ट (पेशी तपासणारा तज्ज्ञ) लागतो, अहवालाला वेळ लागतो. खेड्यात तिच्या नादी लागू नये.

एचपीव्हीचा नमुना बाई ब्रशने स्वतः घेऊ शकते, त्यामुळे टेबल, दिवा, आडोसा यांचा खर्च वाचतो. पण प्रयोगशाळेत नमुने घालायची ९६ खाचांची प्लेट अर्धवट भरून चालवली तर कंट्रोलचा (चाचणी बरोबर चालली का ते बघायच्या ठरावीक नमुन्यांचा) खर्च थोड्याच नमुन्यांवर पडतो. नमुने साठवून प्लेट भरा. मात्र निकाल सांगायला पुन्हा गाठायचं आहे, म्हणून मोबाइल नंबर आशाताईंसमोरच लावून बघा.

वयाची गाळणी कडक ठेवा. तिशीच्या आतल्या मुलींत एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक वेळा आपोआप जातो. त्यांना तपासून उगाच उपचार वाढतात. (एचआयव्हीबाधितांची तपासणी पंचविशीपासून.) पाळी गेल्यावर पेशींच्या दोन थरांची सीमारेषा आत सरकते आणि व्हीआयएत दिसत नाही, म्हणून व्हीआयए ३० ते ५० या वयातच भरवशाची. नोंदणीच्या टेबलावरच विचारा, ‘पिशवी काढली आहे का?’ मराठवाड्यात पिशवी काढलेल्या बायका बऱ्याच भेटतात, हा प्रश्न विसरून चालत नाही. मुखासकट काढली असेल आणि आधी दोष नसेल तर तपासणीची गरज नाही. मुख ठेवलं असेल तर आहे.

व्हीआयएसाठी ५ टक्के ॲसेटिक ॲसिड रोज ताजं करा: ९५ मिली उकळून गार केलेल्या पाण्यात ५ मिली ग्लेशियल (न मिसळलेलं, शुद्ध) ॲसेटिक ॲसिड. पाण्यात ॲसिड घालायचं, उलट नाही. आणि हे काम तपासणीच्या टेबलापासून लांब, कारण न मिसळलेलं ॲसिड बोळ्याला लागलं तर भाजतं. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) लावून आधी स्राव कोरड्या बोळ्याने टिपा, मग भिजवलेला बोळा मुखावर नीट दाबून धरा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबा. गर्दीच्या शिबिरात पहिल्यांदा हेच मिनिट कापलं जातं, आणि दोष तिथेच निसटतो. सीमारेषेला चिकटलेला, दाट, ठळक कडांचा पांढरा डाग म्हणजे पॉझिटिव्ह. फिकट, विखुरलेले, सीमारेषेपासून दूरचे डाग किंवा पिवळसर गोल फोड मोजायचे नाहीत. बॅटरी उतरलेल्या टॉर्चखाली सगळंच फिकट दिसतं. हॅलोजन दिवा किंवा चांगला एलईडी ठेवा.

पॉझिटिव्ह आल्यावर त्याच दिवशी थर्मल ॲब्लेशन, म्हणजे तापवलेल्या टोकाने दोषाची जागा जाळणं: १०० अंश सेल्सिअस, २० ते ३० सेकंद. क्रायोथेरपीसारखा (गोठवून करायचा उपचार) गॅसचा सिलिंडर वाहावा लागत नाही, ही यातली मोठी बचत. डाग गर्भाशयमुखाच्या नळीत आत जात असेल, मुखाचा पाऊण भाग व्यापत असेल, कर्करोगाचा संशय असेल किंवा बाई गरोदर असेल तर यंत्र लावू नका, पुढे पाठवा. उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो हे आधीच सांगा, नाहीतर बाई घाबरते आणि गावात कुजबुज सुरू होते. चार ते सहा आठवडे संबंध टाळायचे, हे नवऱ्यालाही ऐकवलेलं बरं.

वर्षाने फेरतपासणी असते, तेव्हा तारीख ठरवताना कॅलेंडर नाही, ऊसतोड बघा. दिवाळीच्या आसपास टोळ्या बाहेर पडल्या की बीड-धाराशिवच्या बायका गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मोहीम मे ते सप्टेंबरमध्ये बसवा, म्हणजे पुढच्या वर्षीची तारीखही त्याच काळात पडते. रजिस्टरमध्ये ‘तपासणी’शेजारी ‘उपचार झाले’ आणि ‘फेरतपासणी झाली’ असे दोन रकाने आखा. पुढे पाठवलेल्या महिलांची वेगळी यादी आशाताईंकडे द्या आणि जी पोचली नाही तिच्या घरी जाण्याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.